पिंट्याला आत्ता द्यावं की थांबावं, आणि द्यावं तर कुणाला?

दादा, तुम्ही सगळं मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. मला काय समजलं ते आधी सांगते. तुम्ही अंबाजोगाईला नोकरीला आहात आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहता. जानेवारीच्या शेवटी उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीचा धक्का लागून तुमच्या गल्लीतलं नऊ-दहा महिन्यांचं कुत्रं, हा पिंट्या, पडलं. तुम्ही त्याला उचलून उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, तिथे प्लेट बसवली. त्याला आता पाच आठवडे झाले. पिंट्याचं दुखणं ओसरलंय आणि तो दिवसभर उड्या मारायला बघतो. त्याला घरात ठेवायला घरमालकांनी पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे आणि मे महिन्यात तुमची पुण्याला बदली आहे. दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे. लातूरच्या एका कुटुंबाने त्याचा खेळतानाचा व्हिडिओ पाहिला आणि ते याच रविवारी न्यायला तयार आहेत. दुसरे तुमच्या मित्राचे वडील, त्यांचा केजजवळ आखाडा, म्हणजे शेतावरची राहायची जागा, आहे. तुम्ही विचारता, आत्ता देऊ की थांबू, दोघांपैकी कुणाला देऊ, आणि पायाचं सांगू की नको.

मी नांदेडला बावीस वर्षं कुत्र्या-मांजरांवर उपचार करते, शिक्षण परभणीचं. अपघातातून उठलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणं हे काम मी मागून घेतलं नव्हतं, ते दवाखान्याबरोबर आपसूक आलं. हाड जोडून झालं की मालक नसलेलं ते जनावर जाणार कुठे, हा प्रश्न तसाच समोर बसून राहतो.

माझ्या अनुभवात अशी जी कुत्री परत आली, त्यातली पायामुळे परत आलेली फार थोडी. लंगडणाऱ्या कुत्र्याची माणसाला सवय होते, महिन्याभरात ते लंगडणं दिसेनासंही होतं. परत आली ती खेळामुळे. अंगावर उड्या मारतं, लेकराचा हात तोंडात धरतं, चपला फाडतं, वाळत घातलेल्या साड्या ओढतं, रात्री एकटं ठेवलं की ओरडतं, अशा तक्रारी घेऊन माणसं यायची. आणि गंमतीची नव्हे, वाईट वाटण्याची गोष्ट अशी की याच खेळामुळे त्यांनी ते कुत्रं पसंत केलेलं असायचं. तुमच्या पिंट्याचंही तेच आहे. लातूरच्या लोकांना त्याची चाळीस सेकंदं आवडली आहेत. त्यांना राहायचं आहे ते त्याच्या दिवसभराबरोबर, आणि पुढचे काही आठवडे तर असे आहेत की जे पाहून त्यांनी त्याला निवडलं तेच त्याला करू द्यायचं नाही.

आता पायाबद्दल. मी एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे इथे बऱ्याच गोष्टी 'बघावं लागेल' अशाच राहतील. हाड मधोमध तुटलंय की गुडघ्याजवळ, दोन तुकडे झाले की चुरा, प्लेट किती स्क्रूंवर बसली आहे, त्याचं वजन किती, यावर सगळं ठरतं. अगदी लहान पिल्लाचं हाड तीन-चार आठवड्यांत धरतं, पिंट्याच्या वयाला सहा ते आठ आठवडे धरून चालावं, मोठ्या कुत्र्याला बारासुद्धा लागतात. हा अंदाज झाला. हाड धरलं की नाही हे एक्स-रेच सांगेल, आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनीच तो पाहिलेला बरा, कारण आत काय सापडलं होतं हे त्यांना माहीत आहे. माझ्या म्हणण्यापेक्षा त्यांचं म्हणणं वरचढ धरा.

पाचवा आठवडा सगळ्यात फसवा असतो, हे मात्र मी कुठल्याही कुत्र्याबद्दल सांगेन. दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते, कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो. हाड अजून कच्चं असतं आणि सगळा भार प्लेट उचलत असते. धातू वारंवार वाकवला की थकतो, स्क्रू हाडातून सैल होतात. माझ्याकडे एक सोन्या होता, तांबूस रंगाचा, पिंट्यासारखाच उनाड. चौथ्या आठवड्यात एक कुटुंब आलं, त्याच्याकडे पाहून घरातल्या आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं याहून चांगलं घर काय मिळणार, आणि मी तो देऊन टाकला. घरातल्या मुलाने गच्चीवर चेंडू टाकला, एकदा, दोनदा, दहादा. नवव्या दिवशी सोन्या पाय हवेत धरून परत आला. प्लेट वाकली होती. दुसरी शस्त्रक्रिया, पुन्हा दोन महिने. त्या मुलाची काहीच चूक नव्हती, कुत्र्याबरोबर लेकराने दुसरं करावं तरी काय? चूक माझी. आजींचे डोळे पाहिले, मुलाच्या हातातला चेंडू पाहिला नाही. तेव्हापासून एक्स-रेत हाड धरल्याचं दिसेपर्यंत मी कुत्रं नव्या घरी पाठवत नाही. अपवाद एकच, सध्याची जागाच त्याला धोक्याची असली तर.

तुमची जागा धोक्याची नाही, फक्त मुदत कमी आहे. पाडवा आठव्या आठवड्याच्या थोडा आधी येतो. घरमालकांशी परत बोला, पण 'आणखी काही दिवस' म्हणून बोलू नका. तारीख द्या. एक्स-रेची अमुक तारीख, त्यानंतर आठ दिवसांत तो जाईल, असं सांगा. लसीकरणाचं कार्ड दाखवा. शक्य असेल तर सांगण्याआधी खोली पुसून, पिंट्याला पट्ट्याने बांधून शांत बसवून ठेवा. घरमालकांना बहुतेकदा कुत्र्याचा त्रास कमी असतो, याला शेवट आहे की नाही याची धास्ती जास्त असते. शेवट दिसला की दोन आठवडे देतात, असा माझा अनुभव आहे. नाहीच दिले, तर तेवढ्या दोन-तीन आठवड्यांपुरतं एखादं ओळखीचं घर बघा, आणि तेव्हाही 'सांभाळायला' म्हणूनच द्या. कायमचं घर शोधायची घाई त्या मुदतीमुळे करू नका.

तोवर त्याला कसं सांभाळायचं हे थोडं लांबण लावून सांगते, कारण घर मिळणं न मिळणं यावरच अवलंबून आहे. आराम म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे. कोवळ्या वयात मांडीचं हाड मोडलेलं कुत्रं अजिबात हललं नाही, तर मांडीचे स्नायू आखडतात, गुडघा दुमडेनासा होतो आणि पाय काठीसारखा ताठ राहतो. हे एकदा झालं की सुधारणं फार कठीण. त्यामुळे त्याला चालवायचं, फक्त हळू. कुत्रं वेगात असलं की दुखरा पाय उचलून तीन पायांवर पळतं आणि आपल्याला वाटतं वा, छान पळतोय. अगदी सावकाश, आखूड पट्ट्यावर, देवळात प्रदक्षिणा घालतो त्या चालीने चालवलं तरच तो चौथा पाय टेकवतो. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं, मग डॉक्टरांना विचारून थोडं थोडं वाढवायचं. जिना नाही, कॉटवर उडी नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. घसरून पाय फाकणं उडीइतकंच वाईट.

मग त्याच्या खेळाचं काय? खेळ बंद केला तर तो तुमचं घर खाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. पळण्याचा खेळ डोक्याच्या आणि नाकाच्या खेळात बदला. भाकरीचे तुकडे ताटलीत देऊ नका, जुन्या पंचात गुंडाळून त्याच्या गाठी मारा आणि सोडवू द्या. खोक्यात कागदाचे बोळे भरून मधे उकडलेल्या अंड्याचे शेंगदाण्याएवढे चार तुकडे लपवा. खोलीच्या कोपऱ्यांत वास घेत शोधायला लावा, पट्टा हातात ठेवून. कुत्रं वीस मिनिटं नाकाने शोधलं की बऱ्यापैकी दमतं, हे तुम्ही करून पाहा. आणि याच दिवसांत 'बस', 'थांब' आणि 'सोड' हे तीन शब्द शिकवा. दर वेळी तोच शब्द, जमलं की लगेच खाऊ. दारात माणूस आल्यावर उडी न मारता बसणारं कुत्रं आणि उडी मारणारं कुत्रं, यांना मिळणारी घरं वेगळी असतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. दुखतंय असं वाटलं म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि पॅरासिटामॉलही आपल्या हिशोबाने द्यायची गोष्ट नाही. दुसरं, टेकवत असलेला पाय त्याने अचानक टेकवणं बंद केलं, मांडी गरम लागली, सूज किंवा पू दिसला, किंवा चालताना पंजा उलटा पडू लागला, तर फोटो पाठवून विचारत बसू नका, त्याच दिवशी घेऊन जा. वजनही वाढू देऊ नका. हाड मोडलंय म्हणून चारी ठाव खाऊ घालणारे आणि कॅल्शियमच्या बाटल्या आणणारे पुष्कळ भेटतात. हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागायला हव्यात.

आता घरांकडे वळू. आखाड्याचं नाव काढलं की शहरातले प्राणिप्रेमी लगेच नको म्हणतात, आणि गावाकडचे म्हणतात, 'येऊ द्या की आखाड्यावर, एवढं मोठं रान आहे, राहील पडून.' मला दोन्ही पटत नाही. माझ्या हातून गेलेल्या कुत्र्यांपैकी सगळ्यात सुखात असलेलं एक कुत्रं अर्धापूरजवळच्या केळीच्या बागेत आहे. तो शेतकरी आणि त्याची बायको बारा महिने तिथेच राहतात. ती बाई भाकरी थापताना पहिली भाकरी त्याची काढते, आणि पावसाळ्यात त्याला माळवदाच्या खोलीत घेते. त्या घराला आखाडा म्हणा नाहीतर काही म्हणा, तिथे त्याची माणसं आहेत.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मित्राचे वडील केजमध्ये राहतात आणि शेत काही किलोमीटरवर आहे. म्हणजे पिंट्याला रोज पाहणार तो सालगडी, वर्षाच्या बोलीने शेतावर ठेवलेला माणूस. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. या वर्षी ज्याने कुत्र्याला जीव लावला, तो पुढच्या पाडव्याला दुसऱ्याच्या शेतावर असतो, आणि नवीन आलेल्याला ते कुत्रं म्हणजे आधीच्याची मागे राहिलेली वस्तू. मी एकदा पाडव्यानंतर महिन्याने एका आखाड्यावर गेले तर साखळी झाडाला तशीच होती, कुत्रं नव्हतं, आणि ते कधी गेलं हे सांगणारंही कुणी नव्हतं. मालक चांगला माणूस होता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

म्हणून मित्राच्या वडिलांना नाही म्हणायच्या आधी चार गोष्टी विचारा. पाडव्यानंतर तिथे राहायला कोण आहे? त्याला स्वतःला कुत्रं हवंय का? ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर दिवाळीनंतर पाच-सहा महिने ते कारखान्याच्या भागात असणार, तेव्हा खायला कोण घालणार? शेततळं आहे का, आणि त्याला कुंपण आहे का? हे शेवटचं विसरू नका. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात पाणी प्यायला उतरलेलं जनावर त्या निसरड्या उतारावरून वर येऊ शकत नाही, चांगले चार पाय असलेलंसुद्धा. कागदावर एखादी जाड दोरी किंवा जाळी सोडलेली असली तरी फरक पडतो. कठडा नसलेली विहीर, उंदरांचं औषध, कपाशी-सोयाबीनच्या फवारणीचे डबे, रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट, हे सगळं प्रत्यक्ष जाऊन बघायचं. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली बांधलेलं कुत्रं भाजून निघतं, त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करता येतं. झाडाची सावली आणि दिवसभर पुरेल एवढं पाणी, एवढं तरी हवंच.

पिंट्याच्या बाबतीत आणखी एक शंका माझ्या मनात आहे. तुमच्या वर्णनात लांब पाय, निमुळतं तोंड, आत ओढलेलं पोट असं आलंय. म्हणजे त्याच्यात कारवान या शिकारी जातीचं रक्त असावं, लातूरकडे ते आहेच. असं कुत्रं दिसलं की काही लोक त्याला सशामागे सोडण्यासाठी मागतात. बोलण्यात 'पळायला कसं आहे?' हा प्रश्न आधी आला तर सावध व्हा. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि प्लेट बसवलेल्या पायाने नांगरलेल्या रानात वळणं घेत पळणं त्याला आयुष्यभर जड जाईल.

लातूरच्या कुटुंबाबद्दल. त्यांची दोन लेकरं पाच आणि आठ वर्षांची आहेत असं तुम्ही लिहिलंय. पाच वर्षांचं लेकरू पळतं, किंचाळतं, पडतं, आणि पिंट्याला तो सगळा खेळाचा निरोप वाटतो. तो मागे धावणार, ढकलणार, कदाचित दात लागणार, रागाने नव्हे तर मस्तीत. यात कुणी वाईट नाही, पण पहिल्या महिन्यात 'कुत्रं चावलं' असा फोन यायला एवढं पुरतं. मी त्यांना नकार देणार नाही. मी त्यांना रविवारी बोलवेन, फक्त न्यायला नाही, भेटायला. दुपारी दोनला बोलवा, संध्याकाळी नको. पिंट्या कंटाळलेला, बांधलेला, चावायला काहीतरी शोधत असलेला त्यांनी बघावा. त्याला चालवण्याचा पट्टा त्या घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि पाच मिनिटं तुमच्या त्या मंद चालीने चालवायला सांगा. लेकरांना सांगा, तो बसल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि आईबाप हे त्यांच्याकडून पाळून घेतात का ते बघा. तासाभरात तुम्हाला जे कळेल ते फोनवरच्या दहा बोलण्यांत कळणार नाही.

आणि घरातल्या बाईला विचारा. हे मी फार जोर देऊन सांगते. आपल्याकडे कुत्रं आणायचं पुरुष आणि मुलं ठरवतात, आणि खाऊ घालणं, अंगण धुणं, दुपारी त्याच्याबरोबर घरात असणं हे तिच्या वाट्याला येतं. सासूबाई असतील तर त्यांनाही विचारा. 'आम्हाला काही अडचण नाही' म्हणजे होकार नव्हे. ती स्वतः त्याच्याजवळ गेली, त्याच्याशी बोलली, तो काय खातो हे तिने विचारलं, तर समजायचं की होकार आहे.

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतेच, आधीचं कुत्रं कुठं गेलं? कधीच नव्हतं म्हणाले तर हरकत नाही, शिकतील. म्हातारं होऊन गेलं आणि सांगताना आवाज जड झाला, तर मी निम्मी निर्धास्त होते. एक गाडीखाली गेलं, एक हरवलं, एक कुणाला तरी दिलं, असं ओळीने आलं तर पुढचं कोणतं असेल ते आपल्याला कळलेलं असतं. फाटक बघा, त्याच्या गजांमधून तो निघू शकतो का ते बघा. भाड्याचं घर असेल तर तिथल्या घरमालकाशी तुम्ही स्वतः बोला. तुम्हाला आज जे सोसावं लागतंय तेच त्यांच्यावर आलं तर पिंट्या तिसऱ्यांदा बेघर होईल.

पायाचं सांगायचं का, या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही, सगळं सांगायचं. एक्स-रेचे फोटो, शस्त्रक्रियेचा कागद, पुढे प्लेट काढावी लागू शकते का याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते, थंडीत थोडा लंगडेल ते, सगळं. लपवलं तर पहिल्याच हिवाळ्यात त्यांना वाटेल आपल्या गळ्यात आजारी कुत्रं बांधलं. फक्त सांगताना रडकं सांगू नका. रक्ताचे फोटो, 'बिचाऱ्याला कुणी नाही' अशी ओळ, यांनी दया येते, आणि दयेने नेलेल्या कुत्र्याची दया तो पहिली चप्पल फाडेपर्यंत टिकते. मी असं काहीतरी लिहीन:

'पिंट्या. नर, वय साधारण दहा महिने. लांब पायांचा, तांबडा. मागच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, प्लेट बसवली आहे, आता टेकून चालतो. रेबीजची आणि इतर लस झाली आहे, कार्ड आहे. "बस" आणि "थांब" कळतं. फार खेळकर आहे, रोज त्याच्यासाठी तासभर वेळ देणारं माणूस हवं. एकटा फार वेळ राहत नाही. चपला वर ठेवाव्या लागतात. मोठी मुलं असलेलं किंवा आधीचं शांत कुत्रं असलेलं घर चालेल. बांधून ठेवण्यासाठी किंवा राखणीसाठी देणार नाही. आधी दोनदा भेटायला यावं लागेल.'

एवढं वाचून निम्मे लोक फोन करणार नाहीत, आणि ते चांगलंच आहे. हे कागदावर लिहून जवळच्या पशुवैद्यांच्या दवाखान्यात, औषधांच्या दुकानात लावा, तुमच्या ऑफिसच्या आणि कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. 'फुकट' हा शब्द कुठेही नको. फोटोत तो सतरंजीवर बसलेला असू द्या, आणि व्हिडिओ हळू चालतानाचा टाका. उड्या मारतानाचा व्हिडिओ आता काढून टाका.

मुळात तो गल्लीतला होता, मग तिथेच परत का सोडू नये, असंही कुणी म्हणेल. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण झालेलं मोकाट कुत्रं उचललं त्याच भागात सोडायचं असतं, आणि धडधाकट कुत्र्यासाठी मलाही तेच योग्य वाटतं. पिंट्या वाढीच्या वयात महिन्याहून जास्त घरात राहिला आहे. त्याची जागा दुसऱ्या कुत्र्यांनी घेतली असणार, पळून जीव वाचवता येईल असा पाय नाही, आणि माणूस दिसला की तो रस्ता ओलांडून खेळायला येणार. त्याच रस्त्यावरून पुढच्या हंगामात तेच ट्रॅक्टर जाणार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. हे नव्या घरच्यांना आधीच सांगा. आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं आणि उपासमार होईल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, हेही त्यांना माहीत असू द्या. धमकी म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

साधा कागद करा, एका पानाचा. त्याला घरातला म्हणून ठेवू, हाड भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने नसबंदी करू, दर वर्षी रेबीजची लस देऊ, सांभाळणं झालं नाही तर तुम्हालाच कळवू, दुसऱ्या कुणाला देणार नाही. दोघांच्या सह्या. नसबंदीचं टाळू देऊ नका. भाद्रपद आला की नर कुत्रं कुंपण ओलांडून जातं, मग पुन्हा भांडण, पुन्हा गाडी. तुम्ही पुण्याला असणार, म्हणून परत घ्यायची वेळ आली तर अंबाजोगाईत किंवा लातुरात कोण घेईल ते नाव आत्ताच ठरवून त्या कागदावर लिहा. आणि एकदा स्वतःलाही विचारून बघा, पुण्याला तुम्ही त्याला नेऊ शकता का. नाही असं उत्तर आलं तरी त्यात अपराध नाही, तुम्ही त्याचा जीव वाचवला आहे. पण प्रश्न मनाशी स्पष्ट विचारलेला असला म्हणजे देताना हात थरथरत नाहीत.

थोडक्यात क्रम असा धरा. घरमालकांशी तारखेवर बोलणं, या रविवारी लातूरकरांची भेट, केजचा आखाडा एकदा प्रत्यक्ष पाहणं, आठव्या आठवड्यात एक्स-रे, हाड धरलं असेल तर दुसरी भेट त्यांच्या घरी, आणि मग पंधरा दिवसांच्या बोलीवर देणं. दोन्ही घरं बसत नसतील तर दोन्हींना नाही म्हणा. तिसरं मिळतं. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो सात महिने.

द्यायच्या दिवशी मोटारसायकलवर नेऊ नका, गाडी करा, आणि सकाळी लवकर निघा. पोचल्यावर त्याला सगळं घर एकदम दाखवू नका, एक खोली, एक माणूस. पहिले तीन दिवस तो खाणार नाही किंवा खेळणार नाही, आणि त्या लोकांना वाटेल व्हिडिओतलं कुत्रं हे नव्हेच. त्यांना आधीच सांगून ठेवा की तो घाबरलेला आहे, त्याला उचकवून खेळवू नका, दोन-तीन आठवड्यांनी खरा पिंट्या बाहेर येईल, आणि तेव्हा 'थांब' हा शब्द लागेल. तिसऱ्या दिवशी फोन करा, दहाव्या दिवशी करा, महिन्याने स्वतः जा. त्याच्याबरोबर त्याची औषधं, कार्ड, एक्स-रे आणि तो सध्या ज्यावर झोपतो ती चादर द्या. चादर धुऊ नका. तिला तुमच्या खोलीचा वास आहे, पहिल्या रात्री त्याच्याजवळ ओळखीचं तेवढंच असेल.